सोमवारची दोरी

तुम्ही माझ्या भावाला चोर ठरवून मारलंत. हात न लावता, एक कागद कपाटात दाबून मारलंत. तो कागद तुमच्याच इमारतीत आहे, तिसऱ्या मजल्यावर, हिरव्या दाराच्या खोलीत. माझा भाऊ त्या दारापर्यंत जाऊन आला होता म्हणून मला ठाऊक आहे. खरं तर एकशे बारा कागद आहेत. मला त्यातला कुठलाही एक चालेल.

सहा पत्रं पाठवली, सगळी पोचपावतीसह. तुमचं उत्तर एकदाच आलं, दोन ओळींचं, आणि खालची सही कोणाची ते आमच्या पाद्रीबाबांनाही लागलं नाही. म्हणून हे सातवं. लांबलं तर लांबलं. मी पाचवी शिकलेली बाई, बुटांचे वरचे भाग घरी शिवून म्हातारी झाले. चुकलंमाकलं माफ करा असं मी लिहिणार नाही. माफ करायची वेळ तुमची नाही.

माझं नाव इरीदे. भाऊ नाझारेनो, सगळं गाव त्याला नेनो म्हणायचं. आमचं गाव मोंतेलारो, डोंगरावरचं, चामड्याच्या वासाचं. एकोणीसशे चोवीस साली कारखान्यातल्या कातडं कापणाऱ्यांनी इथे फुटबॉल क्लब काढला, लाल-पांढरा. तुमच्या फुटबॉल महासंघाच्या वहीत त्याला एक नोंदणी क्रमांक आहे. तुमच्यासाठी तो आकडा. आमच्याकडे पोरांना आईच्या वाढदिवसाआधी तो पाठ असायचा.

नेनो त्या क्लबचा सेक्रेटरी होता, एक्केचाळीस वर्षं. नोकरी पोस्टात. लहानपणापासून एक पाय आखूड, त्यामुळे आयुष्यात कधी मैदानात उतरला नाही. पण प्रत्येक सामन्याची खेळाडूंची यादी त्याच्या हातची. मूळचा डावखुरा. शाळेत नन्सनी डावा हात बाकाला बांधून उजव्याने लिहायला लावलं, त्यामुळे त्याची अक्षरं सरळ उभी, एकमेकांना न चिकटणारी, दोरीवरच्या चिमट्यांसारखी. शंभर कागदांतून मी ती ओळखेन. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी जर्स्या धुवायची. एकोणऐंशीपासून चौतीस वर्षं. चिखल ओला असताना धुतला तर धाग्यात शिरतो, मग देव आला तरी निघत नाही. आधी वाळू द्यायचा, मग ब्रशने झाडायचा, मग गार पाणी आणि त्यात व्हिनेगर, म्हणजे लाल रंग पांढऱ्यावर उतरत नाही. म्हणून रविवारच्या मळक्या जर्स्या मी सोमवारी सकाळी अंगणात दोरीवर टाकायची, तशाच, न धुता. एक नंबरपासून ओळीने.

माझं अंगण कारखान्याच्या वाटेवर. येणाजाणारा थांबायचा. दोरी बघून गाव निकाल लावायचं. चिखलाने जड झालेली जर्सी, म्हणजे हा पळाला, पडला, उठला. जिच्यावर डाग नाही, त्याला आठवडाभर तोंड दाखवायची सोय नाही.

"इरीदे, ही सात नंबरची धुतलीस की काय?"

"नाही हो, रात्रीच घडी घालून दिली त्याने."

"मग इस्त्री करून परत दे. लग्नाला जायचं असेल बिचाऱ्याला."

हे सगळं त्या सात नंबरवाल्याच्या बापासमोर. एकदा मधल्या फळीतल्या एका पोराने घरी जाताना मुद्दाम गटारातला चिखल जर्सीला फासला होता. गावाने वासावरून ओळखलं. पुढे तो दुसऱ्या गावात राहायला गेला.

या दोरीने आमचं सगळं बघितलं. थोरल्या अध्यक्षांच्या, म्हणजे कारखान्याच्या मालकांच्या काळात, तिथे चारशे माणसं असताना, क्लब तिसऱ्या श्रेणीपर्यंत चढला आणि दोन वर्षं तिथे टिकला. शहरातले क्लब चकचकीत बसमधून यायचे आणि आमचं मैदान एका बाजूला उतरतं म्हणून कुरकुरत परत जायचे, बहुतेक हरून. त्या दोन वर्षांत माझ्या दोरीचे फोटो काढायला पेपरवाले आले होते. मग थोरले गेले. मुलगा आल्देरिको मालक आणि अध्यक्ष झाला. यंत्रं ट्रकवर चढून रुमानियाला गेली आणि त्यांच्यामागे क्लबही घसरला, दर वर्षी एकेक पायरी. एका मोसमात आम्ही तेवीस सामने हरलो. एका सोमवारी दोरीवर नऊच जर्स्या होत्या, त्यातली एक खाटकाची, तीन जोड देऊन रुंद केलेली. लोक तरीही थांबायचे. त्या दिवशी क्विंतो, आमच्या चौकातल्या बारचा मालक, बराच वेळ बघून म्हणाला, "नऊच्या नऊ मळल्यात इरीदे. आपण अजून आहोत."

आणि आम्ही होतो. गावातलीच पोरं वाढली, पाच वर्षांत तीनदा वर चढलो. दोन हजार तेराच्या मे महिन्यात शेवटचा सामना भर पावसात जिंकून चौथ्या श्रेणीत आलो. मधल्या फळीतला साविनो नाक फुटलेलं असताना नव्वद मिनिटं खेळला. त्याची चार नंबरची जर्सी मी सोमवारी दोरीवर टाकली तेव्हा ती कापडासारखी लोंबेना, पत्र्यासारखी उभीच राहिली. क्विंतो म्हणाला, ही धुवायची नाही, मी काचेत बसवून बारमध्ये लावणार. सुताराकडून चौकट यायची होती, तोवर ती माझ्याकडेच राहिली, कागदात गुंडाळून.

आता कोरी सही.

क्लबच्या नियमांत लिहिलं आहे की जूनअखेर सभासदांची सभा भरवायची. जूनअखेर आमच्याकडे गव्हाची कापणी, आणि कापणी नसेल तो समुद्रावर. सभेला कधी माणसं जमलीच नाहीत. म्हणून साठ सालापासून एक रीत पडली. मोसम संपल्यावर गोलपोस्टच्या मागे लांब टेबलं मांडून सगळ्यांचं जेवण व्हायचं, बडीशेप भरलेला ससा आणि डुकराच्या कातडीतले वाल, आणि कॉफी झाली की सेक्रेटरी कोरे कागद फिरवायचा. प्रत्येकाने खाली सही करायची. जूनमध्ये सेक्रेटरी वर लिहायचा, की माझ्या वतीने अध्यक्षांनी मत द्यावं, आणि कशाला द्यावं ती एक ओळ. दर वर्षी तीच ओळ, जुनीच समिती पुढे चालू ठेवण्याची. पन्नास वर्षांत कोणी वर काय लिहिलं ते विचारलं नाही. विचारणं म्हणजे सेक्रेटरीच्या तोंडावर थुंकणं झालं असतं.

त्या वर्षीचं जेवण रात्रीपर्यंत लांबू नये म्हणून दुपारीच मांडलं, तरी निम्मं गाव सही करताना पेन धरण्याच्या अवस्थेत नव्हतं.

"नेनो, वर माझं घर तुझ्या नावावर लिहून घेशील हां," क्विंतो ओरडला.

"तुझं घर? त्यात तुझी सासू आहे. फुकट दिलंस तरी नको."

"सासू वेगळी देतो!"

"ती वाल्माराला दे, त्यांची बचावफळी कच्ची आहे."

वाल्मारा म्हणजे खाली समुद्रावरचं, हॉटेलांचं गाव. आमच्यापेक्षा दसपट मोठं, आणि क्लब दोन पायऱ्या खाली. ते त्यांना सहन व्हायचं नाही, आणि ते त्यांना सहन होत नाही याची आम्हाला भारी मजा यायची. त्या दुपारी सगळे पोट धरून हसले. मीही हसले, आणि सही केली. एकशे बारा.

जूनच्या मध्यावर नेनोचा खुबा मोडला. पोस्टाच्या पायरीवरून पडला. अँकोनाच्या दवाखान्यात नेलं. नेण्याआधी त्याने मला कपाटातून बुटाचं खोकं काढायला सांगितलं. आत कागद होते. खोकं मी काढलं, पण उघडलं नाही. आल्देरिको गाडी घेऊन आला होता, त्यानेच नेनोला दवाखान्यात पोचवलं, खोकंही त्याच्याच गाडीत गेलं. नेनो मला पुढे म्हणाला की त्याने कागद कोरेच दिले. "आल्देरिको, मी पडून आहे, यंदा तूच भर. जुनीच ओळ." असं म्हणून दिले. मी तिथे नव्हते.

जुलैत एक गाडी माझ्या अंगणात आली. सोमवारच होता. दोन माणसं उतरली, एक तरुण, गळ्यात टाय, अतिशय नम्र.

"बाई, क्लबच्या जर्स्या तुमच्याकडे असतात ना? न्यायला आलोय."

"सरावाचं शिबिर तर पुढच्या आठवड्यात आहे. आणि तुम्ही कोण? मोंतेलारोचे नाही वाटत."

"वाल्माराचे."

मी हसले. मला वाटलं पोरांनी चेष्टा केली. मग त्याने फाईल काढली आणि एका कागदाची प्रत माझ्यासमोर धरली.

"ही सही तुमचीच ना?"

सही माझीच होती. पहिलं अक्षर मोठं, बाकीची त्याच्या मागे धावत निघालेली. त्याने वरच्या ओळीखाली अंगठा धरून ती मला वाचून दाखवली. क्लबचं ठिकाण आणि नाव वाल्मारा इथे नेण्यास माझी संमती आहे. ओळ हाताने लिहिलेली होती, पेनने, एवढं मी बघितलं. मी माझ्या सहीकडे बघत राहिले. वरची अक्षरं बघितली नाहीत. चष्मा कपाळावर होता, डोळ्यावर ओढायचा अवकाश होता. नाही ओढला. तीन वर्षं झाली, रोज तो चष्मा मी डोळ्यावर ओढते.

"अध्यक्षांनी मत दिलंय, वरच्या कार्यालयाने मंजूर केलंय," तो म्हणाला. "जागा, नोंदणी क्रमांक, श्रेणी, सामान, सगळं आता आमच्याकडे. तुम्ही एवढ्या प्रेमाने सांभाळलंत, त्याबद्दल आमच्या क्लबतर्फे आभार."

त्यांनी जर्स्या मोजून नेल्या. माझ्या हातून, धुतलेल्या, घडी घातलेल्या. चार नंबरची एक कमी भरली. मी सांगितलं की फाटली. वाल्माराने त्या कधी घातल्या नाहीत, त्यांचा रंग निळा. आल्देरिको ऑगस्टमध्ये वाल्माराच्या क्लबचा अध्यक्ष झाला आणि आमच्या गावात परत दिसला नाही. त्यामुळे राग काढायला गावाला जो हाताशी होता तो सापडला.

नेनो कुबड्या घेऊन आला तेव्हा बारमध्ये त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर कोणीतरी कोट ठेवला होता. कोट कोणी उचलला नाही.

"काय सेक्रेटरी, दवाखान्यात खिडकीची खोली मिळाली म्हणे?"

"मिळाली."

"समुद्र दिसत असेल. वाल्मारा दिसत होतं का?"

"मी कोरे कागद दिले रे," नेनो म्हणाला.

"दिलेस. तेवढंच विचारायचं होतं."

क्विंतोने त्याला कॉफी दिली, पण बशी ठेवताना वर बघितलं नाही. चाळीस वर्षांची दोस्ती होती. नेनो उभ्यानेच कॉफी प्यायला, मोडक्या खुब्यावर.

सप्टेंबरच्या एका सोमवारी मी त्याच्या घरी दूध घेऊन गेले तर दाराच्या खिळ्यावर एक जर्सी टांगलेली. लाल-पांढरी, नवी कोरी, कडक इस्त्रीची. एक डाग नाही. नंबरही नाही. मी ती ओढून काढली आणि एप्रनखाली लपवली. आत गेले तर नेनो टेबलापाशी बसलेला, दाराकडे तोंड करून.

"बघितली मी," तो म्हणाला. "सकाळपासून आहे. बरोबर आहे त्यांचं. मी कुठे कधी पळालो?"

त्यानंतर तो तुमच्याकडे आला. चार तास बसमध्ये, नव्या खुब्याने. तिसऱ्या मजल्यावर जिना चढून, कारण लिफ्टवर 'बंद' अशी पाटी होती. तुमच्या खिडकीतल्या बाईंना त्याने सांगितलं, मला फक्त बघायचं आहे, हात लावणार नाही, प्रत नको, तुम्ही धरा आणि मी लांबून बघतो. त्या बाई वाईट नव्हत्या म्हणे. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं की या क्रमांकाच्या क्लबची फाईल त्या क्लबच्या सेक्रेटरीलाच दाखवता येते.

"मीच तो सेक्रेटरी."

"इथे वाल्माराचे दुसरे कोणी आहेत. मोंतेलारो नावाचा क्लब आमच्याकडे नाही, आजोबा. तुम्ही संबंधित नाही."

एक्केचाळीस वर्षं आणि संबंधित नाही. मग सहा पत्रं मी लिहिली आणि तुम्ही तेच उत्तर छापून पाठवलंत.

आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय ते लिहिते, कारण ते लपवलं तर मी तुमच्यासारखीच होईन. मीही त्याला विचारलं. गाव विचारत होतं, ते बाहेर. घरात त्याला मी एकटी होते. एका रविवारी दुपारी, पूर्वी ज्या वेळी मैदानावरून ओरडा ऐकू यायचा त्या वेळी, खिडकी उघडी आणि बाहेर काही ऐकू येत नव्हतं, आणि मी म्हणाले, "नेनो, खरं सांग. खुबा दुखत होता, औषधं चालू होती. आल्देरिकोने सांगितलं आणि तू लिहिलंस, असं तर नाही ना?"

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त पोस्टातलं जुनं पेन घेतलं, कागद घेतला आणि एक ओळ लिहिली, सावकाश, उभ्या अक्षरांत. कागद माझ्याकडे सरकवला. क्लबचं ठिकाण आणि नाव वाल्मारा इथे नेण्यास माझी संमती आहे.

"हे काय लिहिलंस?" मी ओरडलेच.

"आयुष्यात ही ओळ मी आज पहिल्यांदा लिहिली. जपून ठेव. तो कागद आला की शेजारी धर आणि बघ. माझ्या बोलण्यावर राहू नकोस, इरी. मी भाऊ आहे, भाऊ काय, काहीही बोलेल."

त्या दिवसानंतर त्याने हा विषय माझ्यापाशी काढला नाही. मी दूध न्यायची, तो आभार मानायचा. सख्खा भाऊ बहिणीचे आभार मानायला लागला की घरात काय उरतं ते तुम्हाला ठाऊक नसेल.

गेल्या मार्चच्या नऊ तारखेला तो गेला. हृदय, असं डॉक्टर म्हणाले.

आमच्याकडे क्लबच्या माणसाच्या पेटीवर जर्सी ठेवतात. गावात खेळलेली जर्सी उरली नव्हती. मी कपाटातलं पुडकं सोडलं आणि साविनोची चार नंबरची पेटीवर पसरली, वाळलेल्या चिखलासकट. पसरली कसली, आडवी ठेवली, अजून तशीच ताठ होती. चर्चमध्ये अकरा माणसं. बाकीचे चौकात, बारच्या दारात, हात खिशात घालून. पेटी बाहेर आली तेव्हा क्विंतो पुढे आला. टोपी काढली. बराच वेळ जर्सीकडे बघत राहिला, जसा माझ्या अंगणाबाहेर उभा राहायचा तसा.

"ही साविनोची," तो म्हणाला.

"हो."

"नेनो कधी मैदानात उतरला नाही, इरीदे. हा चिखल त्याचा नाही."

"नाही."

"मग त्याची जर्सी कशी होती, मळकी की बिनडागाची?" त्याचे डोळे भरलेले होते. त्याला खरोखर ऐकायचं होतं. मी "कोरे दिले होते त्याने, शपथेवर सांगते" एवढं म्हटलं असतं तर तो मागे वळून हात करणार होता आणि सगळा चौक पेटीमागे चालणार होता. मला ते दिसत होतं. चौतीस वर्षं मी दोरीवर जे होतं तेच टाकलं, एकाही जर्सीला माझ्या हाताने चिखल लावला नाही की पुसला नाही. जे मी डोळ्यांनी बघितलं नाही त्याची शपथ भावासाठीसुद्धा मला घेता आली नाही.

"कागद मागवलाय," मी म्हणाले. "आला की सांगते."

क्विंतोने टोपी घातली आणि तो परत बारच्या दारात जाऊन उभा राहिला. जर्सीसकट पेटी घेऊन आम्ही बाराजण वर दफनभूमीत गेलो, मैदानाच्या कडेने. तिथे आता गुडघाभर गवत आहे, उतरत्या बाजूला कोणाच्या तरी मेंढ्या होत्या.

वाल्माराचा क्लबही यंदा बुडाला, पेपरात वाचलं. आमचा क्रमांक तुम्ही आता तिसऱ्या कुठल्या गावाला दिलात ते मी विचारत नाही. क्लब परत द्या असंही म्हणत नाही, ते तुमच्याच्याने होणार नाही. आल्देरिकोला शिक्षा करा, मैदान उघडा, यातलं काही मागत नाही.

नेनोने लिहिलेली ओळ माझ्यापाशी आहे, प्रार्थनेच्या पुस्तकात. ती मी तुम्हाला पाठवणार नाही. तुम्ही ती फाईलला लावाल आणि म्हणाल, हा बघा पुरावा, त्याच्याच हातचा. तुम्ही एक कागद माझ्यापुढे धरा, लांबून धरा, काचेपलीकडून धरा. चष्मा मी घालून येईन. अक्षरं चिमट्यांसारखी उभी निघाली तर मी चौकात जाऊन तसं सांगेन आणि भावाच्या पेटीवरची जर्सी खणून काढून धुऊन टाकेन. नाही निघाली तर क्विंतोला आणि त्या अख्ख्या चौकाला मी टोप्या काढायला लावून वर घेऊन जाणार आहे. यातलं काहीही झालं तरी चालेल. हे असं मधलं जगणं चालत नाही.

माझा पत्ता वर आहे. मी अडुसष्ट वर्षांची आहे. एकशे बारा कागदांवरची ती ओळ कोणाच्या हातची आहे? उत्तर द्या.